गेमची ‘आयडी’ गेली? पासवर्ड बदलण्याआधी हे वाचा

मेसेज ओळखीच्या मित्राकडूनच येतो. ‘भावा, आमच्या टीमला एक व्होट दे ना, दोन मिनिटांचं काम आहे.’ लिंक उघडली की एखाद्या स्पर्धेचं चकाचक पान दिसतं. व्होट द्यायचं तर ‘स्टीम’नं लॉगिन करा, असं ते पान सांगतं. युजरनेम, पासवर्ड, फोनवरचा कोड, सगळं नीट भरलं जातं. मग ‘काहीतरी चुकलं, थोड्या वेळानं प्रयत्न करा’ अशी ओळ येते आणि विषय तिथंच विसरला जातो.

सकाळी पासवर्ड चालत नाही. सहा-सात वर्षांत विकत घेतलेले गेम, बंदुकांच्या स्किन, मित्रांची यादी, सगळं दुसऱ्याच्या ताब्यात गेलेलं असतं. आणि आता तोच ‘व्होट दे ना’चा मेसेज आपल्या नावानं आपल्याच मित्रांना जाऊ लागलेला असतो.

‘आयडी गेली’ हे ऐकून घरातली मोठी माणसं म्हणतात, गेमच तर होता! पण ‘काउंटर-स्ट्राइक २’मधली एखादी दुर्मीळ स्किन चांगल्या मोबाइलच्या किमतीला विकली जाते. गेमच्या खात्याला ईमेल जोडलेला असतो, ईमेलला फोन, आणि कुठंतरी बँकेचं कार्ड किंवा यूपीआय. चोराला गेम खेळण्यात रस नसतो. त्याला या साखळीतून जे निघेल ते काढून घ्यायचं असतं.

अशा वेळी जवळपास प्रत्येक जण एकच गोष्ट करतो. त्याच कॉम्प्युटरवर बसतो, घाईघाईनं पासवर्ड बदलतो आणि सुटकेचा निःश्वास टाकतो. संध्याकाळपर्यंत खातं पुन्हा गेलेलं असतं. पासवर्ड बदलणं चुकीचं नाही, पण तो कुठल्या क्रमानं आणि कुठून बदलला यावर सगळं अवलंबून असतं. कुलूप नवं आणलं, पण चोर अजून माळ्यावरच लपलेला असेल तर त्या कुलपाचा काय उपयोग?

गेलं कसं, हे आधी शोधायचं

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. उपाय त्यावर ठरतो.

पहिली वाट वर सांगितली तीच, खोटं लॉगिन पान. यातले नवे प्रकार भल्याभल्यांना फसवतात. २०२२मध्ये सुरक्षा-तज्ज्ञांनी एक युक्ती उघड केली. खोटी वेबसाइट आपल्याच पानाच्या आत ब्राउझरची दुसरी खिडकी उघडल्यासारखं चित्र काढते. त्या चित्रातल्या पट्टीत स्टीमचा खरा पत्ता आणि कुलपाची खूणसुद्धा दिसते. पत्ता तपासून बघणारा माणूसही तिथं फसतो, कारण तो पत्ता नसतोच, नुसतं रंगवलेलं चित्र असतं. ओळखायची एक सोपी रीत आहे. ती छोटी खिडकी माउसनं धरून मूळ ब्राउझरच्या चौकटीबाहेर ओढून बघायची. खरी असेल तर बाहेर येते. चित्र असेल तर कडेला अडकते.

दुसरा प्रकार क्यूआर कोडचा. खोटं पान स्टीमचा खराखुरा लॉगिन कोड चोराच्या मशीनवरून आणून दाखवतं. खेळाडू स्टीमच्या खऱ्या ॲपमधून तो स्कॅन करतो, ‘मंजूर’ दाबतो आणि चोराचं मशीन त्याच्या खात्यात शिरतं. पासवर्ड कुणालाही सांगितलेला नसताना हे होतं, म्हणून लोक चक्रावतात. मंजुरी देण्याआधी ॲप लॉगिनची विनंती कुठल्या ठिकाणाहून आली ते दाखवतं. पुण्यात बसलेल्या माणसाला तिथं परदेशातलं गाव दिसलं, तर बोट मागं घ्यायला हवं.

दुसरी वाट आपण स्वतः उतरवून घेतलेल्या फाइलची. फुकटचा ‘हॅक’, ‘एमबॉट’, ‘अनलिमिटेड यूसी’, क्रॅक केलेला गेम, किंवा ‘माझा नवा गेम टेस्ट करून दे ना’ म्हणून डिस्कॉर्डवर आलेली फाइल. यात बहुतेकदा ‘स्टीलर’ जातीचं मालवेअर असतं. ते काही मिनिटांत ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी गोळा करून पाठवून देतं. या कुकींचं महत्त्व समजायला जत्रेतलं उदाहरण चालेल. तिकीट दाखवून एकदा हातावर शिक्का मारून घेतला की दारावरचा माणूस पुन्हा तिकीट विचारत नाही. लॉगिनची कुकी म्हणजे तो शिक्का. चोरानं शिक्काच उचलला तर त्याला ना पासवर्ड लागतो, ना ओटीपी. ‘टू-फॅक्टर चालू होतं, तरी हॅक कसं झालं?’ या प्रश्नाचं उत्तर अनेकदा इथं सापडतं.

फाइल अधिकृत दुकानातून घेतली म्हणजे ती निर्धोक, असंही नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘पायरेटफाय’ नावाचा फुकट गेम खुद्द स्टीमवर आला होता आणि त्यात मालवेअर निघालं. व्हॉल्व्ह कंपनीनं तो काढून टाकला आणि ज्यांनी तो चालवला होता त्यांना ऑपरेटिंग सिस्टीम नव्यानं टाकण्याचा विचार करा, असं कळवलं.

तिसरी वाट सगळ्यांत कंटाळवाणी आणि म्हणून सगळ्यांत दुर्लक्षित आहे. एकच पासवर्ड दहा ठिकाणी. पाच वर्षांपूर्वी एखाद्या किरकोळ वेबसाइटचा डेटा फुटलेला असतो. चोर त्यातल्या ईमेल-पासवर्डच्या जोड्या प्रोग्रॅम लावून प्रत्येक गेमच्या दारावर लावून बघतात. एप्रिल २०२०मध्ये निन्टेंडोनं सुमारे १ लाख ६० हजार खात्यांत असा बाहेरून मिळवलेल्या माहितीच्या आधारे शिरकाव झाल्याचं सांगितलं. जूनपर्यंत तो आकडा ३ लाखांच्या आसपास गेला. ‘हॅव आय बीन पोन्ड’ या मोफत वेबसाइटवर आपला ईमेल कुठल्या फुटलेल्या डेटात आहे का, हे बघता येतं. बहुतेकांचा असतोच. घाबरून जायचं कारण नाही, पण त्या काळातला पासवर्ड अजून कुठं चालू असेल तर तो आजच बदलावा.

चौथी वाट आपल्याकडे फार चालते. आयडी स्वतःच्या हातानं दिलेली असते. ‘रँक पुश करून देतो’ म्हणणाऱ्याला लॉगिन दिलं. मित्राला ‘एक दिवस’ स्किन वापरायला दिली. किंवा टेलिग्रामवरच्या ग्रुपमधून हजार-दोन हजारांत जुनी आयडी विकत घेतली. विकत घेतलेल्या आयडीचं दुखणं वेगळंच. मूळ मालकाकडे पहिला ईमेल, पहिल्या खरेदीची पावती असं सगळं असतं. तो महिन्याभरानं कंपनीला ‘माझी आयडी हॅक झाली’ म्हणून कळवतो आणि कायदेशीरपणे परत घेतो. तीच आयडी मग पुढच्या गिऱ्हाइकाला विकली जाते. बहुतेक गेमच्या नियमांत आयडीची खरेदी-विक्रीच बंद आहे, त्यामुळं इथं फसलेल्या माणसाची बाजू कंपनी ऐकून घेत नाही.

पहिला तास: मशीन, मग ईमेल, मग गेम

संशयास्पद फाइल उघडली होती असं जरासुद्धा वाटत असेल, तर त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट बंद करायचं आणि पुढचं सगळं दुसऱ्या फोनवरून किंवा घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून करायचं. ज्या मशीनमध्ये स्टीलर आहे तिथं टाइप केलेला प्रत्येक नवा पासवर्ड चोराला आयता मिळतो. अँटिव्हायरसनं पूर्ण स्कॅन करणं ही किमान गोष्ट. महत्त्वाच्या फाइल बाजूला काढून विंडोज नव्यानं टाकणं जास्त भरवशाचं. कटकटीचं आहे खरं, पण एक संध्याकाळ त्यात गेली तरी चालेल.

मग ईमेल. गेमच्या खात्याचा खरा मालक तो असतो ज्याच्या हाती ईमेल आहे, कारण ‘पासवर्ड विसरलात?’ची लिंक तिथंच येते. जीमेलचा पासवर्ड बदलल्यावर गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन कुठकुठल्या उपकरणांवर लॉगिन आहे ते बघायचं आणि अनोळखी सगळी काढून टाकायची. रिकव्हरीचा फोन आणि ईमेल आपलाच आहे ना, हे तपासायचं. चोरानं तो बदलला असेल तरी हातपाय गाळू नयेत. बदल झाल्यापासून ७ दिवसांपर्यंत गुगल जुन्या नंबरवर किंवा ईमेलवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. म्हणून इथं एकेक दिवस मोलाचा असतो.

जीमेलमध्ये आणखी एक जागा आहे जिथं कुणी बघत नाही, फिल्टर आणि फॉरवर्डिंग. सराईत चोर गेम कंपनीकडून येणारे मेल परस्पर कचरापेटीत जातील किंवा त्याच्या पत्त्यावर वळतील, असा नियम तिथं लावून ठेवतो. खातेदार इनबॉक्स बघत बसतो आणि ‘कंपनीचं उत्तरच येत नाही’ म्हणतो. फिल्टरची यादी उघडून आपण न केलेला प्रत्येक नियम काढून टाकायचा.

ईमेल ताब्यात आला की गेम. स्टीमवर अजून लॉगिन होत असेल तर पासवर्ड बदलून स्टीम गार्डच्या पानावरून सगळ्या उपकरणांची परवानगी रद्द करायची. पासवर्ड बदलला की बाकीचे लॉगिन आपोआप तुटतील या भरवशावर राहू नये. तो हातावरचा शिक्का स्वतः पुसायचा असतो.

लॉगिनच होत नसेल तर स्टीम सपोर्टचा पत्ता ब्राउझरमध्ये हातानं टाइप करून, ‘खातं चोरीला गेलं आहे, परत मिळवायचं आहे’ या अर्थाचा पर्याय निवडायचा. मेलमध्ये आलेल्या लिंकवरून जाऊ नये, कारण ‘तुमचा ईमेल बदलला गेला’ अशा खऱ्या मेलची हुबेहूब नक्कलही फिरत असते. चोरानं ईमेल आणि फोन दोन्ही बदलले तरी वाट बंद होत नाही. खात्याला आधी जोडलेला ईमेल, जुना फोन नंबर, ज्या कार्डानं किंवा माध्यमातून गेम घेतला त्या व्यवहाराचा तपशील, डब्यातून विकत घेतलेल्या गेमची की, यांवरून मालकी सिद्ध करता येते. सात वर्षांपूर्वीच्या पहिल्या खरेदीचा मेल जपून ठेवलेला असेल तर तो इथं सोन्याच्या भावानं चालतो.

स्टीमवर एक चोरवाट उघडी राहते

खातं परत मिळालं, पासवर्ड बदलला, तरी दोन आठवड्यांनी स्किन गायब झाली, अशा तक्रारी येतात. त्यामागं बहुधा ‘वेब एपीआय की’ असते. ही मुळात प्रोग्रॅमरसाठीची सोय. खात्याशी संबंधित काही माहिती आणि ट्रेडच्या ऑफर प्रोग्रॅममधून हाताळता याव्यात म्हणून दिलेली. चोर खात्यात असताना गुपचूप अशी एक की तयार करतो आणि निघून जातो.

पुढं खेळाडू मित्राला स्किन पाठवायला ट्रेड ऑफर तयार करतो. चोराचा प्रोग्रॅम ती ऑफर बघतो, रद्द करतो आणि त्याच क्षणी मित्राचंच नाव, मित्राचाच फोटो लावलेल्या दुसऱ्या खात्याशी तशीच ऑफर उभी करतो. खेळाडू फोनवर मंजुरी देतो, कारण नाव-फोटो ओळखीचा आहे. स्किन गेली. आणि मंजुरी त्यानं स्वतः दिलेली असते, हे सगळ्यांत झोंबतं.

उपाय एका मिनिटाचा आहे. स्टीमच्या वेब एपीआय की पानावर जायचं. ज्यानं कधी अशी की बनवली नाही, त्याला तिथं नुसता नोंदणीचा रिकामा फॉर्म दिसायला हवा. की दिसली तर ती तिथंच रद्द करायची. आपली ट्रेड लिंकही नव्यानं तयार करावी. यापुढं प्रत्येक ट्रेड मंजूर करताना नाव-फोटोपेक्षा समोरच्या खात्याची लेव्हल आणि ते कधीपासून आहे ते बघावं. नक्कल करणारं खातं सहसा काल-परवाचं किंवा वेगळ्याच लेव्हलचं असतं.

गेलेल्या वस्तूंबाबत स्टीमचं धोरण अनेक वर्षं कडक राहिलं आहे. खात्यातून बाहेर पडलेली वस्तू सपोर्ट परत आणून देत नाही. पण जुलै २०२५पासून ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या वस्तूंना ट्रेडनंतर ७ दिवसांचं संरक्षण मिळालं आहे. त्या मुदतीत ती वस्तू पुढं कुणाला देता येत नाही आणि मूळ मालक ट्रेड उलटा फिरवू शकतो. यात एकच ट्रेड निवडता येत नाही, संरक्षणात असलेले सगळे एकदम उलटतात आणि खात्यावर ३० दिवस व्यवहारबंदी येते. स्किन चोरीला गेलेल्या माणसाला हा सौदा परवडण्यासारखाच आहे. फक्त आठव्या दिवशी जाग आली तर काही करता येत नाही. याशिवाय मोबाइल ऑथेंटिकेटर नसलेल्या किंवा नुकताच लावलेल्या खात्यातून निघालेल्या वस्तू स्टीम १५ दिवसांपर्यंत रोखून धरतं. म्हणून खातं हाती येताच रोखलेल्या ट्रेडची यादी आधी बघावी. तिथून बरंच काही वाचवता येतं.

चोरानं खात्यावरून चीट वापरला आणि व्हॅक बंदी आली, तर मात्र दाद मिळत नाही. खात्यावर जे होईल त्याला खातेदार जबाबदार, ही व्हॉल्व्हची भूमिका आहे. स्टीम फॅमिलीत एकाचा गेम दुसरा वापरत असेल तर वापरणाऱ्याच्या लबाडीची बंदी गेमच्या मालकावरही येऊ शकते. धाकट्या भावाला गेम देताना हे लक्षात असलेलं बरं.

बीजीएमआय, फ्री फायर आणि आईचा फोन

मोबाइल गेमची गोष्ट थोडी वेगळी. इथं बहुतेकदा गेमचा स्वतःचा पासवर्डच नसतो. लॉगिन गुगल, फेसबुक, ॲपल किंवा एक्सवरून होतं. म्हणजे ‘बीजीएमआयची आयडी हॅक झाली’ याचा खरा अर्थ जोडलेलं फेसबुक किंवा गुगल खातं गेलं, हा असतो. गेमच्या सपोर्टला पन्नास मेल पाठवण्याआधी ते खातं सोडवायचं. फेसबुकसाठी ‘फेसबुक डॉट कॉम’पुढं तिरकी रेघ देऊन ‘हॅक्ड’ हा इंग्रजी शब्द टाइप केला की अशा खात्यांसाठीचं खास पान उघडतं.

अनेकांनी शाळेत असताना गेमसाठी म्हणून एक फेसबुक खातं काढलेलं असतं. नाव भलतंच, जन्मतारीख खोटी, नंबर आता बंद पडलेला. असं खातं गेलं की मालकी सिद्ध करायला हातात काहीच नसतं. शिवाय बंद पडलेला नंबर कंपनी काही काळानं दुसऱ्या ग्राहकाला देते आणि रिकव्हरीचा कोड त्याच्याकडं जातो. आयडी आज सुरक्षित असेल तर जोडलेला नंबर आणि ईमेल चालू आहे ना, हे आजच बघावं. ‘गेस्ट’ म्हणून खेळणाऱ्यांची अवस्था तर आणखी नाजूक. त्यांची आयडी त्या एका फोनशी बांधलेली. फोन बिघडला तर हॅकरचीही गरज नाही.

गेममधला आपला आकडी आयडी क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. नाव बदलता येतं, चोर ते पहिल्या दिवशीच बदलतो. आकडा तोच राहतो आणि सपोर्टला खातं शोधायला तोच लागतो. तक्रार करताना त्यासोबत खातं कधी उघडलं, पहिली यूसी किंवा डायमंड खरेदी केव्हा केली, गुगल प्लेच्या पावतीवरचा ऑर्डर क्रमांक, आणि शेवटचं लॉगिन कुठल्या फोनवरून केलं, एवढं थोडक्यात लिहावं. रागावलेला लांबलचक मेल वाचणाऱ्याला काही सांगत नाही. एका विषयाची एकच तक्रार ठेवावी. दररोज नवी तक्रार टाकली तर गोंधळच वाढण्याची शक्यता जास्त.

कित्येक घरांत मुलगा आईच्या फोनवर खेळतो आणि त्या फोनवरचं गुगल खातं आईचं असतं. त्याच खात्यात फोटो, त्याच फोनवर यूपीआय. खोट्या ‘फ्री डायमंड’ पानावर मुलानं टाकलेला पासवर्ड आईच्या सगळ्या डिजिटल संसाराचा असतो. घाबरून मुलं चार-चार दिवस गप्प राहतात, आणि नेमके तेच दिवस महत्त्वाचे असतात. ओरडा मिळणार नाही एवढी खात्री दिली तर ते पहिल्या तासातच सांगतील. तसंही फसणारे सगळे नवखे नसतात. डिसेंबर २०१५मध्ये व्हॉल्व्हनं जाहीर केलं होतं की स्टीमवर दर महिन्याला सुमारे ७७ हजार खाती पळवली जातात, आणि त्यांत व्यावसायिक खेळाडू आणि रोज ट्रेडिंग करणारे मुरलेले लोकही आहेत.

पैसे गेले असतील तर

आयडीसोबत बँकेतले पैसेही गेले असतील तर गेम बाजूला ठेवून आधी १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक फिरवायचा आणि बँकेला कळवून कार्ड बंद करायचं. पैसे चोराच्या खात्यातून पुढं सरकायच्या आत ते गोठवता येतात का, यासाठीच ही हेल्पलाइन आहे, म्हणून इथं तासांचा हिशेब असतो. लेखी तक्रार केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. पैसे गेले नसले तरी आयडी चोरीची तक्रार तिथं इतर सायबर गुन्ह्यांत नोंदवता येते. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००मधल्या कलम ‘६६ सी’नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलीस ठाण्यात ‘गेमची तक्रार काय घेऊन आलात’ असं कुणी म्हटलं तर हे कलम तोंडपाठ असावं.

गुगल प्लेवर अनोळखी माणसानं खरेदी केली असेल तर व्यवहारापासून १२० दिवसांच्या आत गुगलकडे तसं कळवता येतं. खरेदी घरातल्याच मुलानं केली असेल तर ती चोरी धरली जात नाही, परताव्याची वेगळी विनंती करावी लागते, आणि तीही जितकी लवकर तितकी चांगली.

सगळ्याचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवावेत. लिंक, चॅट, चोराचं प्रोफाइल, कंपनीचे मेल. भावनेच्या भरात चॅट डिलीट करून ब्लॉक करणारे नंतर पुरावा शोधत बसतात.

आयडी परत आणून देणारे ‘दादा’

इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबच्या कॉमेंटमध्ये ‘माझी आयडी हॅक झाली’ लिहिलं की दहा मिनिटांत मेसेज येतो. ‘या दादानं माझी परत आणून दिली, त्याला मेसेज कर.’ दादा आधी थोडे पैसे मागतो, मग ‘सर्व्हर फी’, मग ओटीपी. दुसऱ्याची आयडी बाहेरून परत आणून देण्याची कायदेशीर सोय फक्त कंपनीच्या सपोर्टकडे असते, आणि सपोर्ट त्याचे पैसे घेत नाही. याच घराण्यातला दुसरा नमुना डिस्कॉर्डवर भेटतो. ‘सॉरी, मी चुकून तुला रिपोर्ट केलं, आता स्टीमच्या या अधिकाऱ्याशी बोल, नाहीतर बॅन होशील.’ स्टीमचे कर्मचारी डिस्कॉर्डवर खेळाडूंशी बोलत नाहीत. कधीच नाही.

परत आल्यावर

खातं हाती आल्यावर लोक थेट मॅच लावतात. त्याआधी थोडा वेळ आणखी द्यावा. मित्रांना दुसऱ्या माध्यमातून, म्हणजे फोन किंवा व्हॉट्सॲपवर कळवावं की गेल्या काही दिवसांतल्या माझ्या लिंक उघडू नका आणि उघडली असेल तर पासवर्ड बदला. साखळी तुटते ती अशी. जोडलेली कार्डं काढून टाकावीत. डिस्कॉर्डचा पासवर्ड बदलावा. गुगल, फेसबुक आणि स्टीममध्ये कुठकुठल्या बाहेरच्या ॲपना परवानगी दिली आहे ती यादी बघून ओळखीची नसलेली उडवावीत.

पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवायचा तर लक्षात ठेवणं अशक्य, म्हणून पासवर्ड मॅनेजर वापरावा. त्याचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो. तो खऱ्या पत्त्यावरच पासवर्ड भरतो. रंगवलेल्या खोट्या पानावर तो गप्प बसतो, आणि त्याचं गप्प बसणं हाच इशारा असतो. जिथं पासकीची सोय आहे तिथं ती घ्यावी, कारण ती खोट्या पानावर चालतच नाही. एसएमएसवरच्या ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरं, पण एसएमएसही नसण्यापेक्षा बराच.

ऑथेंटिकेटर लावताना मिळणारे बॅकअप कोड मात्र गॅलरीत स्क्रीनशॉट म्हणून ठेवू नयेत. फोनच हरवला तर तेही गेले. स्टीम देतं तो रिकव्हरी कोड ‘आर’ या इंग्रजी अक्षरानं सुरू होतो. तो वहीच्या शेवटच्या पानावर किंवा आधार कार्ड ठेवतात त्या फाइलमध्ये हातानं लिहून ठेवावा. फोन बदलताना जुना फोन विकण्याआधी ऑथेंटिकेटर नव्या फोनवर हलवून, एकदा लॉगिन करून बघावं. खातं परत मिळवण्याच्या धडपडीत ‘हॅक’ म्हणून आलेल्या कितीतरी अडचणी अशा जुना फोन घाईत विकल्यामुळं आलेल्या असतात.